अन्य भाषांत बोलण्याचे कृपादान आजही मिळते का?

आपण मुंबईतल्या एका जुन्या मराठी मंडळीत वाढलात आणि अन्य भाषांत बोलण्याचे कृपादान, म्हणजे न शिकलेल्या भाषेत देवाची स्तुती वा प्रार्थना करण्याचे पवित्र आत्म्याकडून मिळणारे दान, प्रेषितांच्या (येशूने पाठवलेल्या पहिल्या दूतांच्या) पिढीबरोबर संपले, असे वडिलांकडून ऐकत आलात. आता मैत्रिणीबरोबर आपण रविवारी दुपारी हॉलमध्ये भरणाऱ्या एका फेलोशिपला जाता आणि तिथे सांगितले जाते की, जो अन्य भाषेत बोलत नाही त्याला पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झालेलाच नाही. आपल्याला पुढे बोलावून एकच शब्द भराभर म्हणत राहायला सांगितले, आपण तो म्हटला, काहीच घडले नाही, आणि तेव्हापासून आपल्या विश्वासातच काही खोट आहे की काय, ही शंका मनातून जात नाही, असे आपण लिहिले आहे. हे दान आजही मिळते का, ते न मिळणारा विश्वासी अपुरा आहे का आणि त्या सभेला जात राहावे का, असे आपले प्रश्न आहेत.

मुंबईत अनेक वर्षे पाळक म्हणून सेवा करताना आणि नवा करार शिकवताना हे प्रश्न मला वारंवार विचारले गेले आहेत, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. हे दान थांबले असे शास्त्र कुठेही म्हणत नाही. ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे, हे मात्र शास्त्र स्पष्टपणे नाकारते. आणि आज आपल्या शहरातल्या सभांत ‘टंग्ज’ या नावाने जे ऐकू येते, ते खरे की खोटे हा वाद घालण्याआधीच एक अडचण उभी राहते, ती अशी की प्रेषित पौलाने त्यासाठी घालून दिलेली शिस्त बहुतेक ठिकाणी पाळलीच जात नाही.

नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या लूकने लिहिलेल्या पुस्तकात हा प्रसंग स्पष्टपणे तीनदा येतो. दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी आणि इतर अनेक प्रदेशांतून आलेले यहूदी आपापल्या जन्मभाषेत देवाच्या महत्कृत्यांचे वर्णन ऐकतात. दहाव्या अध्यायात कर्नेल्याच्या घरी आणि एकोणिसाव्या अध्यायात इफिसमध्ये सुमारे बारा शिष्यांच्या बाबतीत तेच घडते. या तिन्ही ठिकाणी शुभवर्तमान एक नवी सीमा ओलांडत होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच पुस्तकात पेन्टेकॉस्टच्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेले सुमारे तीन हजार लोक, कूशी षंढ, लुदिया आणि फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक यांच्यापैकी कोणीही अन्य भाषेत बोलल्याचा उल्लेख नाही. शोमरोनातल्या लोकांना पवित्र आत्मा मिळाल्याचे पाहून शिमोन नावाच्या जादूगाराला ते सामर्थ्य पैशांनी विकत घ्यावेसे वाटले, म्हणजे तिथे डोळ्यांना दिसेल असे काहीतरी घडले असणार, असा युक्तिवाद पेन्टेकॉस्टल (आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर व कृपादानांवर भर देणाऱ्या पंथांचे) शिक्षक करतात आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु लूकने जे लिहिले नाही त्यावर सिद्धान्त उभारणे धोक्याचे आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील ‘नव्या नव्या भाषा बोलतील’ हे वचनही या चर्चेत नेहमी पुढे केले जाते. तो भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही, त्यामुळे केवळ त्याच्या आधारावर कोणत्याही बाजूने निर्णय देऊ नये.

या विषयाची खरी चर्चा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत आहे. करिंथ हे लेखिओन आणि किंख्रिया या दोन बंदरांच्या मधले शहर; इ.स.पूर्व ४४ मध्ये रोमन वसाहत म्हणून ते नव्याने वसवले गेले आणि ठिकठिकाणचे लोक तिथे येऊन राहिले. अशा बहुभाषी बंदरातली मंडळी कशी असेल, हे मुंबईकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या काही विश्वासीयांना अन्य भाषांत बोलण्याचा मोठा अभिमान होता आणि त्यामुळे उपासनेत गोंधळ माजला होता. पौलाने त्यांना हे दान बंद करा असे सांगितले नाही. आपण स्वतः त्या सर्वांपेक्षा अधिक भाषांत बोलतो, असे तो लिहितो आणि लगेच जोडतो की, मंडळीत न समजणाऱ्या भाषेत दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा इतरांना शिकवण मिळेल असे पाच शब्द बोलणे त्याला अधिक बरे वाटते.

बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो प्रश्नांची मालिकाच मांडतो. सर्वच प्रेषित आहेत काय? सर्वच संदेष्टे आहेत काय? सर्वच अन्य भाषा बोलतात काय? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच अपेक्षित आहे. हा प्रश्न मंडळीतल्या सार्वजनिक दानाबद्दल आहे, वैयक्तिक प्रार्थनेच्या भाषेबद्दल नाही, असे उत्तर काही पेन्टेकॉस्टल भाष्यकार देतात, पण ही विभागणी त्या उताऱ्यात सापडत नाही, ती बाहेरून आणावी लागते. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे एकेकाला वेगवेगळी दाने वाटून देतो, हे त्याच अध्यायात आधी सांगून झालेले आहे. तेव्हा आपल्याला हे दान मिळाले नसेल, तर त्यावरून एवढेच सिद्ध होते की आपल्याला हे दान मिळालेले नाही.

आता वडिलांच्या बाजूकडे वळू. हे दान थांबले असे मानणाऱ्यांचा सर्वांत प्रसिद्ध आधार तेराव्या अध्यायात आहे, जिथे पौल म्हणतो की भाषा समाप्त होतील आणि पूर्ण ते आले म्हणजे अपूर्ण ते नाहीसे होईल. ‘पूर्ण’ म्हणजे नव्या कराराचा पूर्ण झालेला ग्रंथसंग्रह, असा अर्थ लावला की पहिल्या शतकाच्या अखेरीस हे दान संपले असे म्हणता येते. हा अर्थ मला टिकणारा वाटत नाही. इ.स. ५५ च्या सुमारास पत्र ऐकणाऱ्या करिंथकरांच्या मनात सत्तावीस पुस्तकांच्या संग्रहाची कल्पना असण्याचा संभव नव्हता. शिवाय पौल तिथेच सांगतो की तेव्हा आपण साक्षात समोरासमोर पाहू आणि देव आपल्याला जसे पूर्णपणे ओळखतो तसे आपणही ओळखू. बायबल हाती आल्यामुळे आपण त्या अवस्थेला पोहोचलो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तो संदर्भ ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा आहे.

याहून वजनदार युक्तिवाद दुसरा आहे. इफिसकरांस पत्रात मंडळी प्रेषित व संदेष्टे यांच्या पायावर रचलेली आहे असे म्हटले आहे आणि इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चिन्हे व अद्भुते ही पहिल्या साक्षीदारांच्या साक्षीला देवाने दिलेली पुष्टी म्हणून सांगितली आहेत. पाया एकदाच घातला जातो, म्हणून पायाच्या काळातली चिन्हेही तेवढ्यापुरतीच, हा विचार तर्काला धरून आहे. प्रेषितपदाच्या बाबतीत तो मलाही मान्य आहे, आणि आज स्वतःच्या नावाआधी ‘अपॉस्टल’ लावणाऱ्यांना तो ऐकवावासा वाटतो. मात्र अन्य भाषा बोलणारे करिंथचे लोक प्रेषित नव्हते. त्यांच्या बोलण्याने शास्त्रात भर पडली नाही. मंडळीची उन्नती आणि देवाची स्तुती एवढेच त्याचे कार्य होते. ते कार्य संपल्याचा पुरावा या वचनांत मिळत नाही.

मंडळीचा इतिहास वडिलांच्या बाजूने बराच बोलतो, पण सगळाच नाही. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात बिशप इरेनियस आत्म्याच्या योगाने नाना भाषा बोलणाऱ्या बांधवांविषयी लिहितो. त्याच शतकात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटानसच्या अनुयायांनी उन्मादी अवस्थेत भाकिते सांगण्याचा अतिरेक केला आणि अशा गोष्टींविषयी मंडळीचे पुढारी सावध झाले. चौथ्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध प्रवचनकार योहान क्रिसोस्तोम करिंथच्या पत्रावर प्रवचन देताना कबूल करतो की हा भाग फार दुर्बोध आहे, कारण तेव्हा घडणाऱ्या गोष्टी आता घडत नाहीत. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीनही म्हणतो की ते चिन्ह त्या काळाला साजेसे होते आणि येऊन गेले. आता सर्व राष्ट्रांत पसरलेली मंडळीच सर्व भाषा बोलते. हाच ऑगस्टीन उतारवयात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात आपल्या परिसरात घडलेल्या चमत्कारांची लांबलचक नोंद करतो, हेही विसरू नये. एकंदरीत, हे दान अनेक शतके फार विरळ झाले हे इतिहास दाखवतो. पण ते का विरळ झाले, याचे उत्तर इतिहासातून मिळत नाही, आणि जे विरळ झाले ते देवाने कायमचे काढून घेतले, असा निष्कर्ष तर त्यातून मुळीच निघत नाही.

आधुनिक काळाविषयी बोलताना लोक अमेरिकेची नावे घेतात. १ जानेवारी १९०१ रोजी कॅन्सस राज्यातल्या टोपेका येथे चार्ल्स पारहॅम यांच्या शाळेत अॅग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली, आणि १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभा सुरू झाल्या. मराठी ख्रिस्ती माणसाने मात्र आधी केडगाव आठवावे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या या गावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये मोठी जागृती झाली. मुली तासन्‌तास पापांगीकार करीत, रडत आणि प्रार्थना करीत, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत त्यांच्यापैकी काही अन्य भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी न येणारी एक मुलगी मोठ्याने इंग्रजीत देवाची स्तुती करताना आपण स्वतः ऐकली, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. तिथल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी जागृतीविषयी लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या व्हालपाराइसोच्या हूव्हर दांपत्याच्या हाती पडली आणि १९०९ च्या तिथल्या पेन्टेकॉस्टल जागृतीला तिने चालना दिली. ही सगळी चळवळ परदेशातून आपल्याकडे आयात झाली, असे आपल्या जुन्या मंडळ्यांत सहज म्हटले जाते, ते म्हणूनच चुकीचे आहे.

केडगावचे महत्त्व मला आणखी एका कारणासाठी वाटते. या घटनांची चेष्टा करणाऱ्यांना रमाबाईंनी उत्तर दिले आणि मुलींना अडवले नाही. तरीही अन्य भाषा हेच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे, ही शिकवण त्यांनी स्वीकारली नाही. बदललेले जीवन आणि प्रेम यांना त्यांनी अधिक महत्त्व दिले. आणि त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी पुरे केले. खेड्यातल्या बाईला देवाचे वचन कळावे म्हणून कोश आणि व्याकरणे घेऊन बसणे हेसुद्धा आत्म्याचेच काम आहे, याविषयी त्यांच्या मनात संशय नव्हता. आपल्या सभांतून हा अर्धा भाग कधी सांगितला जात नाही.

त्याच काळातले दुसरे उदाहरण कलकत्त्याचे आहे. अझुसा स्ट्रीटवरून निघालेले आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी १९०७ च्या आरंभी तिथे पोहोचले. आत्म्याने आपल्याला बंगालीसारख्या इथल्या भाषा दिल्या आहेत, तेव्हा त्या न शिकताच प्रचार करता येईल, अशी गार यांची समजूत होती. तसे घडले नाही. पहिल्या पिढीतल्या इतर मिशनऱ्यांचीही हीच निराशा झाली आणि त्यानंतर पेन्टेकॉस्टल शिकवणीत हे दान परदेशी प्रचारासाठी नसून स्तुती, प्रार्थना आणि आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे चिन्ह यांसाठी आहे, असा भर वाढत गेला. भाषाशास्त्रज्ञ विल्यम समारिन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, अशा बोलण्याला लय आणि चढउतार असले तरी त्यात व्याकरण व शब्दार्थ यांची भाषेसारखी रचना नसते आणि त्यातले ध्वनी सहसा बोलणाऱ्याला आधीच परिचित असलेल्या भाषांतूनच आलेले असतात. मुंबईत मराठी, तमिळ आणि मल्याळम उपासनांना बसलेल्या माणसाला हे कानांनीही जाणवते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००६ मध्ये पाच स्त्रियांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा अशा बोलण्याच्या वेळी हेतुपूर्वक नियंत्रणाशी संबंधित पुढच्या भागातली हालचाल गाण्याच्या वेळेपेक्षा कमी दिसली. संख्या लहान आहे, पण ‘मी बोलत नव्हते, माझ्यातून बोलले जात होते’ हा त्यांचा अनुभव ढोंग नव्हता, इतके त्यावरून म्हणता येते. ते बोलणे देवाकडून होते का, याचा निर्णय कोणतेही यंत्र देऊ शकत नाही.

मग निर्णय कशावरून करायचा? पौलाने करिंथकरांच्या त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिलेली शिस्त विलक्षण व्यवहारी आहे. दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावे, पाळीपाळीने बोलावे आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने मंडळीत गप्प राहावे आणि स्वतःशी व देवाशी बोलावे. म्हणजेच बोलणाऱ्याला आपले बोलणे थांबवता येते, हे पौलाने गृहीत धरलेले आहे. ‘आत्मा आला, आता मला आवरता येत नाही’ ही सबब त्याच्यापुढे टिकली नसती. की-बोर्डवर एकच सूर चढत जातो, माइकवरून इशारा होतो आणि शंभर माणसे एकदम आवाज उठवतात, हे दृश्य कितीही भारावून टाकणारे असले तरी त्या अध्यायाशी कोणत्याच बाजूने जुळत नाही. त्यातच तेविसावे वचन आहे: सर्वजण भाषांत बोलू लागले आणि तेवढ्यात एखादा बाहेरचा माणूस आत आला, तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही काय? चाळीतल्या खोलीत किंवा हाउसिंग सोसायटीच्या हॉलमध्ये सभा घेताना भिंतीपलीकडचे कुटुंब हाच तो बाहेरचा माणूस असतो, आणि पौलाला त्याची फिकीर आहे.

आपल्याला शब्द भराभर उच्चारायला लावले, त्याविषयी मी कठोर बोलणार आहे. कृपादान म्हणजे कृपेने दिलेले दान. ते सरावाने जिभेवर बसवता येत नाही. बायबलमध्ये एकाही प्रेषिताने कोणाला अक्षरे गिरवायला लावून अन्य भाषा शिकवलेली नाही. चारचौघांत पुढे उभे करून, पाठीवर हात ठेवून, ‘अजून मोठ्याने’ म्हणत राहिल्यावर अनेकजण शेवटी काहीतरी बोलतात. काही खरोखर भारावून, काही सुटका व्हावी म्हणून. नंतर एकांतात ते पाळकांकडे येतात आणि आपण ढोंग केले का, असे विचारतात. ज्यांनी त्यांना या अवस्थेत आणले त्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे. आपण खोटे बोलला नाहीत आणि गप्प परत आलात, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

याच्या उलट, मी अशीही माणसे ओळखतो जी पहाटे घरात दार लावून प्रार्थना करतात, मराठी शब्द अपुरे पडले की न समजणाऱ्या उच्चारांत देवाची स्तुती करतात आणि सभेत त्याचा कधी उल्लेखही करीत नाहीत. त्यांची घरे, त्यांचे व्यवहार, त्यांची नम्रता मी पाहिली आहे. हे पौलाने सांगितलेले दानच आहे, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण नाही असे म्हणण्याचे कारणही माझ्याजवळ नाही, आणि ‘अन्य भाषांत बोलण्यास मनाई करू नका’ ही चौदाव्या अध्यायाच्या एकोणचाळिसाव्या वचनातली आज्ञा माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या पाळकालाही लागू आहे. रोमन कॅथॉलिक मंडळीनेही १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, कृपादाने कृतज्ञतेने स्वीकारावीत पण त्यांची पारख अधिकाऱ्यांनी करावी, अशी भूमिका घेतली. १९६७ नंतर पसरलेल्या, कृपादानांवर भर देणाऱ्या कॅरिस्मॅटिक नवजीवन चळवळीला त्यामुळे जागा मिळाली. वसई-मुंबईतल्या आपल्या कॅथॉलिक मैत्रिणींकडून आपण त्या प्रार्थनासभांविषयी ऐकले असेलच.

राहिला त्या फेलोशिपचा प्रश्न. लगेच सोडा किंवा जातच राहा, असे मी दुरून सांगणार नाही. तिथल्या पाळकांना सभेनंतर भेटा, पहिले करिंथ चौदावा अध्याय उघडा आणि सत्ताविसाव्या व अठ्ठाविसाव्या वचनांप्रमाणे इथे अर्थ सांगितला जातो का, असे साधेपणाने विचारा. ते बसून वचन पाहायला तयार असतील, तर मतभेद राहूनही तिथे शिकण्यासारखे बरेच असू शकते. आपल्या जुन्या मंडळ्यांतली प्रार्थना पुष्कळदा छापील ओळींपलीकडे जात नाही, आणि ती तहान आपल्याला तिथे घेऊन गेली असेल तर त्याचा काही दोष आमच्याकडेही येतो. प्रश्न विचारणे हाच अविश्वास आहे, असे उत्तर मिळाले, तर पुढच्या रविवारी जाऊ नका. वडिलांशी बोलताना तेराव्या अध्यायावर वाद घालू नका, त्यात दोघेही थकाल. त्यांना चौदाव्या अध्यायाचे शेवटचे वचन वाचायला सांगा, ज्यात सर्व काही शिस्तवार व व्यवस्थितपणे होऊ द्या असे म्हटले आहे. ते त्यांना नक्की पटेल. मग त्याच्या आधीचे, एकोणचाळिसावे वचनही त्यांच्याबरोबर वाचा.